तुझे केस, माझा अंबाडा

अक्का,

तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा मी तिथंच होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. आणि तुझे केस माझ्या डोक्यावर होते. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून सांगू म्हटलं की मी टाळत जाईन. टाळण्यात मी किती पटाईत आहे हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तू जाऊन आज पंधरा दिवस झाले. तुला कावीळ झाल्याचं कळलं तेव्हा मी म्हटलं, अक्काची कावीळ ती, चार दिवसांत कंटाळून निघून जाईल. भेटायला यायचं मी आज-उद्यावर ढकलत राहिले. आठव्या दिवशी सकाळी निरोपच आला. कारखान्याच्या कॉलनीपासून पिंपरीगाव पायी अर्ध्या तासावर, आणि तेवढी वाट मला आठ दिवसांत चालता आली नाही.

तेराव्याला आलेल्या बायका तुझ्याबद्दल खूप बोलल्या. तुझ्या हातची भाकरी, तुझी थट्टा, पान्हा चोरणाऱ्या म्हशीलाही तू कशी बोलून बोलून वळवायचीस ते. मी त्यात एक शब्द घातला नाही. मला बोलायचं आहे ते केसांबद्दल, आणि माणूस गेल्यावर केसांचं काय बोलायचं, असंच कुणीही म्हणेल. पण तुझी-माझी ओळख धरली ती केसांमुळे, आणि मी माती खाल्ली तीही केसांपायीच.

लग्न होऊन मी कोकणातून इथं आले तेव्हा औषधाच्या कारखान्याच्या भिंती अजून चढत होत्या. ह्यांना तिथं फिटरची नोकरी लागली होती. कॉलनीतली घरं व्हायची होती, म्हणून तुमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. पुढं तुम्ही तिघं: तू, तुझे यजमान दादा आणि आत्याबाई. सासूला तू आत्याबाई म्हणायचीस म्हणून मीही तसंच म्हणू लागले. तू माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी दारात उभी राहून तू माझ्याकडं पाहिलंस ते तोंडाकडं नाही, वेणीकडं. "अगं बया, हिला उचलायला गडी लागंल," म्हणालीस.

माझी वेणी तेव्हा गुडघ्याला चार बोटं कमी होती. मला तिचा गर्व होता, नव्हता असं म्हणणार नाही. न्हाल्यावर मी मुद्दाम अंगणात उन्हाला पाठ करून बसायची, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या बायकांना दिसावं. तुझेही केस काही कमी नव्हते. पण तू ते चार फण्या मारून अंबाड्यात कोंबायचीस आणि गोठ्याकडं पळायचीस.

दुसऱ्या श्रावणात मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस मी अंथरुणावर होते. ह्यांची आई येऊ शकली नाही, माझी आई येईपर्यंत ताप उतरला होता. मधले सगळे दिवस तू होतीस. ताप उतरला आणि केस जायला लागले. फणी लावली की मूठभर, उशीवर मूठभर, नुसता हात फिरवला तरी बोटांत गुंता. मधूनमधून टाळू दिसायला लागली. वैद्य म्हणाले, आहेत ते काढून टाका, म्हणजे नवे एकसारखे येतील.

तू न्हाव्याला बोलावलंस. तो आला, ओट्यावर बसला, कुणाचे केस ते कळल्यावर त्यानं धोकटी परत बांधली. "सवाशिणीच्या डोक्याला माझा वस्तरा लागायचा न्हाई. मालक जित्ता हाय तिचा," म्हणाला. तू त्याच्याशी वाद घातलास, आत्याबाईंनी त्याची बाजू घेतली, आणि मी आत भिंतीकडं तोंड करून रडत होते. कोकणात माझ्या आत्यानं विधवा झाल्यावर जन्मभर तसं डोकं वागवलं होतं, ते मी लहानपणापासून पाहिलेलं.

मग तू आत आलीस, घरातली कातर घेऊन. दार लावलंस. आधी कुंकवाचा करंडा उघडून माझ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलंस, गळ्यातलं मंगळसूत्र पदराबाहेर ओढलंस, समोर दिसेल असं. "हे हाय तवर तुला कोन काय म्हनतंय ते मी बघते," म्हणालीस आणि कापायला लागलीस. तुला कापता येत नव्हतं. कुठं जास्त, कुठं कमी. एकदा कानाला कातर लागली तेव्हा माझ्याआधी तूच ओरडलीस. शेवटी दोघीही हसलो. तेवढं हसू मला त्या महिन्यात दुसरं आलं नाही.

त्यानंतरचे दिवस लांबचलांब गेले. पंधरा दिवसांनी डोक्यावर खुंट आले. मग ते सरळ उभे राहिले, तेल लावलं तरी बसेनात. कानांवर टोचायचे, मानेला खाज सुटायची. मी दिवसातून दहादा आरशात पाहायची आणि दहादा रडायची. एक दिवस तू आलीस, खिळ्यावरचा आरसा काढलास आणि काखेत मारून चालू लागलीस.

"अक्का, आरसा दे."

"पुनवंला आनून देते. एक दिस बघ, परत घेऊन जाईन. रोज बघितलं म्हनून काय लवकर यायचं न्हाई."

"कुंकू कसं लावू मग?"

"मी हाय की."

आणि खरोखरच रोज सकाळी धार काढून झाली की तू यायचीस, हात पदराला पुसून माझ्या कपाळाला कुंकू लावायचीस. तुझ्या बोटांना दुधाचा वास असायचा. दर पौर्णिमेला आरसा परत यायचा, दिवसभर खिळ्यावर राहायचा आणि संध्याकाळी जायचा. महिन्यातून एकदाच पाहिल्यामुळे मला फरक दिसायला लागला. तुझी युक्ती मला तेव्हा कळली नाही. मी तुला आरसेचोर म्हणायची.

त्याच दिवशी तू माप घ्यायचीस. पाटावर मला पाठमोरी बसवून मानेपाशी केस धरायचे आणि बोटं आडवी लावत खाली यायचं. "दोन बोटं." मग "दोन बोटं आन् वर जवाएवढं." मी म्हणायची, एवढंच? तू म्हणायचीस, "मागल्या पुनवंला किती हुतं? ते कुटं गेलं? त्याच्यावरच आलंय न्हवं?" मी चिडले की तू माझ्या डोक्यात टपली मारायचीस आणि तेल चोळायला घ्यायचीस. खोबरेल माझ्या माहेरचं, माका तुझ्या बांधावरचा. उकळताना घरभर असा वास सुटायचा की हे जेवताना नाक धरायचे.

आपला एकच वाद होता आणि तो राहूनच गेला. मी पदर कपाळापर्यंत ओढून राहायची. नदीवर कपडे न्यायची ते सगळ्या बायका परतल्यावर. तू म्हणायचीस, "लपवून काय करतीस? तापानं गेलं, चोरी न्हाई केली. चारचौघींत वाढलं तर काय कमी वाढतंय?" मी म्हणायची, तुला काय कळणार, तुझे कमरेखाली आहेत. तू गप्प व्हायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काढायचीस. अजूनही मला वाटतं, त्या वादात मी हरले असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

वर्ष गेलं, दीड वर्ष होत आलं. केस वीतभर झाले, खांद्याला टेकले. माघात कॉलनीतलं घर मिळाल्याचा कागद आला. दोन खोल्या, पुढं ओटा, चार घरांत मिळून एक नळ. हे आनंदानं नाचायचे बाकी होते. आणि मी म्हटलं, मी येणार नाही. तिथं सगळ्या नव्या बायका, सगळ्यांच्या पाठीवर वेण्या. त्यांच्यात मी अशी कशी जाऊ? ताप कुणी पाहिलेला नाही, तुझं कुंकू कुणी पाहिलेलं नाही. ह्यांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग तुझ्याकडं आले. पंधरा दिवसांत राहायला गेलो नाही तर घर दुसऱ्याला जाणार होतं.

तू माझ्याशी त्यावर एक शब्द बोलली नाहीस. पाचव्या-सहाव्या दिवशी आलीस आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या मांडीवर टाकलंस. गंगावन होतं. केस तोकडे असले की वेणीत गुंफायचं, तसं. वरच्या टोकाला काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधलेलं, खाली हातभर लांब.

"गुंतवळाचं केलंय," म्हणालीस. "धा वर्सांचं कोंबून ठेवलं हुतं भितीत. वाया कशाला घालवायचं."

तुमच्या पडवीच्या भिंतीत भोक होतं हे खरं. विंचरून झालं की फणीत आलेलं गुंतवळ तू बोटाला गुंडाळून त्यात कोंबायचीस, तेही मी पाहिलं होतं. पण गुंतवळाचं गंगावन कसं असतं ते मला माहीत होतं, अक्का. माझ्या आईचं तसंच होतं. हाताला राठ लागतं, कुठं आखूड, कुठं लांब, कितीही विंचरलं तरी गाठी राहतात. हे मी उलगडलं आणि ते माझ्या हातातून खाली सरसर सुटलं. एकसारखं, मऊ, आणि त्याला माक्याच्या तेलाचा ताजा वास.

मला त्याच क्षणी कळलं. मागाहून कळलं, मला काय माहीत, असं मी स्वतःला बरेच महिने सांगत होते, ते खोटं आहे. तू त्या दिवशी पदर दोन्ही कानांमागं खोचला होतास, एरवी तो तुझ्या खांद्यावरच असायचा. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर परत द्यावं लागलं असतं. मी म्हटलं, "किती छान झालंय गं." तू म्हणालीस, "बांधून दावते. शीक नीट, तितं मी न्हाई यायची रोज."

फाल्गुनात आम्ही कॉलनीत गेलो. तू बैलगाडीत सामान लावून दिलंस आणि आरसा सगळ्यात वर ठेवलास. "आता ठिव तुज्याकडं," म्हणालीस.

कॉलनीत माझे केस लगेच गाजले. शेजारच्या मालतीबाई, त्यांचे यजमान स्टोअरमध्ये होते, त्या नळावर सगळ्यांना सांगायच्या, ह्यांची वेणी पाहा. मी मान खाली घालायची, आणि ते लाजणं आहे असं त्यांना वाटायचं. चैत्रात त्यांनी हळदीकुंकू केलं. मी आदल्या आठवड्यात गावात आले होते तेव्हा तुला सहज म्हटलं होतं, तूही ये हं. बोलवायचं म्हणून बोलावलं होतं. तू यावंस असं माझ्या मनात नव्हतं.

तू आलीस. डोक्यावर पाटी, पाटीत कैऱ्या आणि कोवळ्या काकड्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, तरी पाय धुळीनं भरलेले. तू दाराजवळच बसलीस. मी आत गादीवर, मालतीबाईंच्या शेजारी. आंब्याची डाळ आणि पन्हं फिरत होतं. कुणीतरी विचारलं, केसांना काय लावता? मी सांगायला लागले. माका, खोबरेल, आणि मुख्य म्हणजे धीर. रोज आरशात बघायचं नाही, महिन्यातून एकदाच बघायचं, म्हणजे वाढलेलं दिसतं. तुझंच वाक्य, अक्का. तू दाराशी बसून ऐकत होतीस आणि मी ते माझं म्हणून वाढत होते. तू हसत होतीस. तुला खरंच बरं वाटत होतं, ते मला दिसलं, म्हणून तर जास्त लागतं.

मग मालतीबाई मोगऱ्याचे गजरे घेऊन उठल्या. एकेकीच्या केसांत माळत तुझ्यापर्यंत आल्या. तू म्हणालीस, हातात द्या, मी घरी माळीन. त्या म्हणाल्या, असं कसं, सवाष्णीनं हातात घ्यायचा नसतो, आणि त्यांनी तुझा पदर मागं केला.

तुझे केस मानेपाशी कापलेले होते. कातर कशीही चाललेली, कुठं जास्त, कुठं कमी. ती कातर मी ओळखली. मालतीबाईंचा हात गजरा धरून तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "तुमच्या ओळखीच्या का ह्या?"

मी म्हटलं, "भाजी आणून देतात आमच्याकडं." ते कमी पडलं असं वाटून पुढं म्हटलं, "खेड्यातल्या बायका, डोक्यात उवा झाल्या की कापून मोकळ्या होतात."

हे मी म्हटलं. हे शब्द माझेच, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

तुला ऐकू गेलं. खोली ती केवढी. तू पदर सारखा केलास, मालतीबाईंच्या हातातून गजरा घेतलास आणि म्हणालीस, "व्हय बाई, लई झाल्या हुत्या. काय करनार." मग कैऱ्या चुलीपाशी ओतल्यास, पाटी उचललीस आणि निघालीस. जाताना माझ्याकडं बघितलंही नाहीस. रागानं नाही. बघितलंस तर मी उघडी पडेन म्हणून.

त्यानंतर तू माझ्याशी आधीसारखीच राहिलीस, हेच मला सहन होईना. शिव्या दिल्या असत्यास तर मी रडून पाय धरले असते. मी गावात क्वचित यायची, येऊन लवकर उठायची. तू मला पाटावर बसवायचीस, गंगावन सोडायचीस, माझे केस बोटांनी मोजायचीस. "वीत आन् चार बोटं. आता थोडंच ऱ्हायलं, धीर धर." तुझे स्वतःचे किती झाले हे मी एकदाही विचारलं नाही. आपण दोघी एकाच वेळी केस वाढवत होतो, अक्का. मला तू धीर देत होतीस. तुला कुणी दिला?

आता तो दिवस. निरोप आला तेव्हा मी नुकतीच न्हाले होते, केस मोकळे होते. हे म्हणाले, चल लवकर. आणि मी आरशासमोर बसले. माझ्या केसांचा माझा म्हणून लहानसा अंबाडा तेव्हा बसत होता. तसाच घालून यायला हरकत नव्हती. तरी मी खुंटीवरचं गंगावन काढलं, नीट गुंफलं, आकडे खोचले आणि मग चप्पल घातली. हे दारात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि मान वळवली.

बायकांनी तुला न्हाऊ घातलं. हळद लावली, मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या चढवल्या. आत्याबाई तुझ्या उशाशी बसल्या होत्या, मांडीवर तुझं डोकं घेऊन. न्हाव्याची बाजू घेणाऱ्या त्याच आत्याबाई. शेवंतीची वेणी आणली होती, पिवळीधमक. त्यांनी तुझे केस दोन्ही हातांत गोळा केले आणि पीळ द्यायला लागल्या. पीळ द्यायला काही नव्हतंच. केस जेमतेम खांद्याशी येत होते, हातातून सुटायचे. त्यांनी पुन्हा गोळा केले, पुन्हा सुटले.

"अंबाडा बसंना," त्या म्हणाल्या. "येनी कशात खोवायची?"

मी तीन हातांवर उभी होते. माझ्या डोक्यावर तुझा अंबाडा होता. दोन आकडे काढले असते, एक दोरा सोडला असता, की तो तुझ्या डोक्यावर बसला असता.

आत्याबाई पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं, "सवाशीण बाई चाललीया माजी, आन् येनी माळायला केस न्हाईत."

माझा हात मागं गेला. पदराखाली आकड्याला बोट लागलं. तिथं कॉलनीतली एकही बाई नव्हती, सगळ्या तुझ्याच गावच्या, निम्म्या जणींनी माझं भुंडं डोकं पाहिलेलं. मला लाजायला कुणी उरलंच नव्हतं. तरी हात तिथं थांबला आणि मी पदर सारखा केला. पंधरा दिवस मी कारण शोधते आहे. सापडत नाही. भीती म्हणावी तर कुणाची? सवय म्हणावी तर इतकी? शेवटी त्यांनी वेणी दोऱ्यानं तुझ्या कानांवरून बांधली. तिरडी उचलताना ती सुटून तुझ्या उशाशी पडली, आणि तशीच तुझ्याबरोबर गेली.

परवा तेरावं झालं. जेवणं उरकून बायका गेल्यावर मी मागच्या पडवीत गेले. आत्याबाई एकट्याच सूप घेऊन बसल्या होत्या, हात चालत नव्हते. मी त्यांच्यासमोर बसले, आकडे काढले, दोरा सोडला आणि गंगावन त्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "आत्याबाई, हे अक्काचं आहे."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "माज्या घरातली कातर, माज्या सुनेचं केस. म्हयनाभर माज्या लेकानं तिच्या हातचं पानी घेतलं न्हाई, आपन जित्तं असताना बाईनं केस कापलं म्हनून. मीबी नगं नगं ते बोलले. कुनाला दिलं ते तिनं सांगितलं न्हाई. तू पाडव्याला आलीस तवा मला दिसलं."

त्यांनी गंगावन उचललं, मांडीवर घेतलं, बोटांनी विंचरत राहिल्या.

"त्या दिशी मी दोनदा बोलले, पोरी," त्या म्हणाल्या. "बायकांना न्हाई, तुलाच बोलले. म्हनलं, आता काढंल. मग काढंल."

अक्का, मला वाटलं होतं, कुणाला माहीत नाही. ती म्हातारी तुझं डोकं मांडीवर घेऊन माझी वाट बघत होती.

मी म्हटलं, हे ठेवून घ्या, नदीत सोडा, काय ते करा. त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं. "तिनं घालाया दिलं हुतं. घाल. कुनी इचारलं तर नाव सांग तिचं. तेवढं तरी कर." आणि सूप पुढं ओढलं.

दोन दिवस मी घालून हिंडले आणि कुणी विचारेना. एरवी नळावर कौतुकाचा पूर असायचा. मी स्वतःहून कसं काढू, म्हणत दोन घागरी भरून परत यायची. स्वतःहून न काढणं हीही माझी जुनीच खोड. आज सकाळी मालतीबाई म्हणाल्या, "आज अंबाडा का? वेणी घालत जा हो, शोभते तुम्हाला." मी घागर खाली ठेवली.

म्हटलं, "हे सगळे माझे केस नाहीत. गावातल्या अक्काचे आहेत. ती गेली."

"कोण अक्का?"

"चैत्रात तुमच्याकडं हळदीकुंकवाला आली होती. दाराशी बसली होती."

मालतीबाईंनी आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "हां, ती उवांची भाजीवाली?"

माझ्या शब्दांत तू त्यांच्या लक्षात राहिली होतीस. बाकी काही नाही, तेवढंच.

"उवा नव्हत्या," मी म्हटलं. "भाजीवालीही नव्हती. तिच्या घरात मी अडीच-तीन वर्षं राहिले. मला तुमच्यात यायची लाज वाटत होती म्हणून तिनं केस कापून दिले. तुमच्यासमोर मी खोटं बोलले."

नळावर चार जणी होत्या. मालतीबाईंनी माझ्या अंबाड्याकडं पाहिलं, मग दुसरीकडं, मग म्हणाल्या, "तुमची घागर भरली." मी घागर उचलून घरी आले. हलकं वाटेल असं मी धरून चालले होते. तसं काही वाटलं नाही. तुझं नाव घेतलं, एवढंच.

आज पौर्णिमा आहे. दुपारी न्हाले, गंगावन धुऊन दोरीवर वाळत टाकलं, आणि आरसा भिंतीकडं फिरवून पाटावर बसले, तू बसवायचीस तशी. हात मागं नेला, मानेपाशी केस धरले आणि बोटं आडवी लावत खाली यायला लागले. वीत झाली. मग एक बोट, दोन, तीन. त्याच्या खाली हात पोचेना. पुन्हा वरून धरलं, पुन्हा तिथंच चुकलं. तिसऱ्यांदा मोजलं नाही. केस पुसले आणि ओलेच बांधले.